तिसरी गाठ

दारातल्या मुलीला चंपतरावांनी लगेच ओळखलं, आणि म्हणूनच त्यांनी तिला ‘बसा’ म्हटलं नाही.

हवालदारकीत जन्म गेलेल्या चंपतरावांनी चोर-दरोडेखोरांनाही खुर्ची दिली होती. पण ही भावना मेश्राम होती. ‘मुक्काम जंगल’मधली. उन्हाळाभर त्यांच्या घरी जेवणाच्या वेळी तो कार्यक्रम लागायचा. ज्या दिवशी या भावनाने आपल्या जिवाभावाच्या मैत्रिणीला खेळातून बाहेर काढलं, त्या दिवशी त्यांच्या बायकोने भरलं ताट बाजूला सारलं होतं.

“बसा,” आतल्या टेबलावरून प्रेमिला डोंगरे म्हणाल्या. “चंपतराव, पाणी.”

नागपुरात बेसा रस्त्यावरच्या एका नव्या इमारतीत, तळमजल्यावर प्रेमिलाबाईंचं खाजगी तपासाचं ऑफिस होतं. त्याआधी त्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत होत्या. तंतू, काच, धूळ, रंग हे त्यांचे विषय. नोकरी सुटली, पण वस्तू डोळ्यांजवळ धरून पाहायची सवय सुटली नाही. चंपतराव त्यांच्यासाठी पायपीट करत, आणि विचार करायचं काम मॅडमवर सोपवून निवांत असत.

“मॅडम, मले एकच गोष्ट पाहिजे,” भावना म्हणाली. “टीव्हीवाल्यांवर केस नाही करायची. लोकांचं तोंडही बंद नाही करायचं. काजलले फक्त माहीत पडलं पाहिजे, का ते मत माझं नव्हतं.”

“मग कोणाचं होतं? भुताचं?” पाण्याचा ग्लास ठेवता ठेवता चंपतराव बोलून गेले.

“तेच तर पाहायचं आहे ना, काका.”

“मी टीव्ही पाहत नाही,” प्रेमिलाबाई म्हणाल्या. “मला काहीच माहीत नाही असं समजून सांगा.”

भावनाने सांगितलं. उमरेडच्या पुढे एक खाजगी रान भाड्याने घेऊन खेळ चालला होता. शेवटी पाच जण उरले. भावना, काजल हेडाऊ आणि नागसेन रामटेके यांची एक टोळी, जितेंद्र येवले आणि मिनल गिरडकर यांची दुसरी. त्या संध्याकाळी तिघांनी हातात हात घेऊन ठरवलं होतं, तिघांचीही मतं जितेंद्रविरुद्ध. म्हणजे तीन विरुद्ध दोन, आणि जितेंद्र बाहेर.

“आन निघाले उलटे. काजलविरुद्ध तीन, जितेंद्रविरुद्ध दोन.”

“म्हणजे तिघांतलं एक मत फुटलं.”

“हो. मी नाही फोडलं. नागसेन म्हणते त्यानं नाही फोडलं. सगळा महाराष्ट्र म्हणते मीच.”

“काहून म्हणते तेही सांग ना,” चंपतराव म्हणाले. “मताच्या आधी तू अन् ते मिनल झाडामागे कुजबुज करून राहिल्या होत्या. आम्ही डोळ्यानं पाहिलं.”

भावनाने त्यांच्याकडे न पाहता प्रेमिलाबाईंना उत्तर दिलं. “मी तिले पॅड मागितलं, मॅडम. माझे संपले होते. चार कॅमेरे फिरत होते तिथं, मोठ्यानं कसं मागू?”

चंपतरावांनी रिकामा ग्लास उचलला आणि पुन्हा भरून आणला.

“मत द्यायची पद्धत?” प्रेमिलाबाईंनी विचारलं.

“झोपडीत एकेकानं जायचं. आत पाच बांबूच्या बारीक नळ्या, प्रत्येकीतून एक लाल धागा लोंबलेला. एकेक धागा एकेकाच्या नावाचा. ज्याले काढायचं त्याच्या धाग्याले आपल्या हातातला तुकडा जोडायचा, आन गाठ वर ओढून नळीत लपवायची. म्हणजे मागून येणाऱ्याले कळत नाही. शेवटी सगळ्यांसमोर धागे बाहेर ओढतात. ज्याचा सर्वात लांब, तो बाहेर. तोच धागा त्याच्या गळ्यात घालून त्याले पाठवतात.”

“आत कात्री, सुरी?”

“काहीच नाही. तुकडे आधीच कापून ठेवलेले.”

“त्या दिवशी आणखी काय झालं?”

 “दुपारी जाहीर झालं, दुसऱ्या दिवशीचा खेळ खाणीच्या तळ्यात आहे. काजल जेवली नाही त्या दिवशी. मी म्हटलं, तराफा असते, मी राहीन ना सोबत. हॉस्टेलमध्ये एका खोलीत राहिलो आम्ही, मॅडम. सुट्टीत मी तिच्या घरी जायची, त्यांच्या हातमागाच्या खटखटीतच झोपायची. आता ती माझा नंबर पाहून फोन कापते. मी पोरांची शिबिरं घेते, तिथून लोकांनी पोरं काढून नेली, त्याचं काही नाही. पोरं दुसरी येतील.”

प्रेमिलाबाईंनी चष्मा काढला, तेवढ्यात त्याची काळी दोरी त्यांच्या हातात तुटली.

“अरे देवा. भावना, एवढं जोडून देता? चष्म्याशिवाय मला गाठ दिसत नाही.”

भावनाने दोन्ही टोकं एकत्र धरली, एक वेढा दिला आणि ओढली. गाठीवर दोन्ही टोकं कुंचल्यासारखी उभी राहिली.

ती गेल्यावर चंपतराव म्हणाले, “पोरगी रडली नाही, हे पाहिलं का मॅडम? काजल कशी रडली होती! मत देऊन बाहेर आली तेव्हा ओठातून रक्त येऊन राहिलं होतं तिच्या. इतका चावला ओठ. त्यानंतर मुलाखतीत विचारलं तिले, भावनानंच दगा दिला असं वाटते का? एक शब्द नाही बोलली बिचारी. नुसती मान हलवली.”

“हो अशी, की नाही अशी?”

चंपतरावांनी आठवून पाहिलं. “नुसती हलवली.”

“आणि खेळ सोडून कुणाला जायचं असेल तर जाता येतं?”

“येते ना. पहिल्याच आठवड्यात एक पोरगा गेला. सापाले भ्याला. आजही लोक त्याले पळपुट्या म्हणते. त्याच्या गावात लग्नाच्या वरातीत त्याच्या नावाचं गाणं वाजवलं म्हणे.” चंपतराव हसले. प्रेमिलाबाई हसल्या नाहीत.

*

नागसेन एका शाळेच्या मैदानावर मुलांना भिंत चढायला शिकवत होता. कमरेला दोर, हातांना खडूची पूड. त्याने वरच्या मुलीला सावकाश खाली उतरवलं आणि मगच तो वळला.

“मी जितेंद्रच्याच धाग्याले जोडलं,” तो म्हणाला. “शपथ घालता का?”

“नको. भावनाने फोडलं असं तुम्हाला वाटतं?”

“वाटत नाही. पण मी नाही, काजल तर स्वतःच गेली. मग राहते कोण? वाटण्या न वाटण्याचा प्रश्नच नाही, मॅडम. वजाबाकी आहे ते.” त्याचा स्वर कडवट झाला. “काजलच्या घरी गेलो होतो मी. तिच्या आईनं चहा पाजला, म्हणे तूच एक खरा निघाला बाबा. घशाखाली नाही उतरला तो चहा.”

बोलता बोलता प्रेमिलाबाईंची दोरी पुन्हा तुटली. चंपतराव वैतागले. “मॅडम, उद्या मी नवीनच आणून देतो.”

नागसेनने मात्र दोरी हातात घेतली. एका टोकाचा फास केला, दुसरं टोक त्यातून वर काढून त्याच्या मागून फिरवलं आणि आपल्याच खाली अडकवून आवळलं. गाठ बसकी आणि घट्ट होती. दोन्ही टोकं मात्र चांगली बोटभर लोंबत राहिली.

“ही टोकं कापा ना, मानेला टोचतील.”

“ते नका सांगू. दोरीची शेपटी आखूड ठेवली का गाठ सरकते. आमच्याकडे खाली माणूस लटकून असते.”

गाडीत चंपतराव हळू आवाजात म्हणाले, “हाच आहे मॅडम. ज्याले इतक्या गाठी येतात, त्याले मनातलीही गाठ लपवता येते.”

“मनातली माझ्या टेबलावर येत नाही, चंपतराव. मिहानकडे घ्या.”

*

मिनल मिहानमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर ती आली तेव्हा जितेंद्र आधीच तिथे बसला होता. खेळ त्यानेच जिंकला होता, आणि टपरीवाला त्याच्याकडून चहाचे पैसे घेत नव्हता.

“आम्ही दोघांनी काजलले काढलं, खुल्लमखुल्ला,” जितेंद्र म्हणाला. “तिसरं मत कुठून आलं, देवाले माहीत. मी तर बॅग भरून बसलो होतो. नागसेनले विचारलं का, बे तू तर नाही ना? मले मारायलेच धावला.”

“तुम्ही तिघांपैकी कुणाला फोडायचा प्रयत्न केला नाही?”

“केला ना. नागसेनले केला, काजलले केला. भावनाले नाही केला. ते ऐकणारी नव्हती.”

“हे तुम्ही टीव्हीवर सांगितलंत?”

जितेंद्रने चहाचा घोट घेतला. “विचारलं नाही कोणी.”

 प्रेमिलाबाईंनी मिनलला झाडामागच्या कुजबुजीबद्दल विचारलं.

“पॅड मागितलं तिनं,” मिनल पटकन म्हणाली. “मी कार्यक्रमाच्या मोनाली मॅडमले सांगितलं होतं का ते दृश्य नका दाखवू. त्यांनी पॅडचं काढून टाकलं आणि कुजबुज ठेवली.”

“आणि तुम्ही नंतर काही बोलला नाहीत.”

“मी बोलली असती तर म्हणले असते, पाहा, दोघी मिळालेल्याच होत्या. काहीही बोलायची सोय नव्हती वं ताई.” तिने नजर वळवली. “सगळंच घाण होतं तिथं. पाणी घाण, धागे घाण. त्या धाग्याचा रंग इतका कच्चा, माझी बोटं दोन दिवस लाल होती. जितूची तर गाठच नळीत अडकली.”

“अडकली म्हणजे! बुक्की मारून वर ढकलली मी,” जितेंद्र हसला. “शेवटची काजल गेली आत. पटकन आली बाहेर, ओठ पुसत. रक्त पाहून माझाच जीव हलला बाप्पा.”

दोरी तुटली तेव्हा चंपतरावांनी कपाळाला हात लावला. जितेंद्रने एकावर एक गाठी मारून लाडवासारखा गोळा केला. “पक्कं काम!” तो म्हणाला. मिनलने तो गोळा पाहून नाक मुरडलं, दोरी मागून घेतली आणि गोळा तोडून टाकून फुलपाखरासारखी दोन फासांची गाठ मारून दिली. बुटाच्या नाडीची मारतात तशी.

*

कार्यक्रमाचं ऑफिस एका मॉलच्या वरच्या मजल्यावर होतं. शिरल्या शिरल्या भिंतभर पोस्टर. काजलचा चेहरा, डोळ्यांत पाणी, खालच्या ओठावर लाल रेघ. चंपतराव तिथेच थबकले.

“याच पोस्टरवर पुढचा हंगाम विकला गेला,” मोनाली म्हणाली. निर्मिती ती पाहत होती. तरतरीत, थकलेली, दोन फोन समोर. “काजलच येणार सूत्रसंचालनाला.”

“झोपडीत कॅमेरा होता ना?”

“पाठमोरा. हात दिसत नाहीत. मुद्दाम तसा लावला. कुणी दगा दिला हे आम्हालाही कळलं नाही पाहिजे, नाहीतर टीममधून बाहेर फुटतं. लोक तेच महिनाभर भांडत बसतात, त्यावरच आमचं चालतं.”

“लोक भांडले नाहीत. लोकांनी ठरवून टाकलं.”

“आम्ही एक वाक्यही खोटं दाखवलं नाही, मॅडम. आम्ही दोन दृश्यं शेजारी ठेवली.”

 “धागे आहेत अजून?” प्रेमिलाबाईंनी विचारलं.

काजलचा धागा तिच्याबरोबर गेला होता. बाकीचे एका खोक्यात होते. प्रेमिलाबाईंनी जितेंद्रच्या नावाचा धागा खिडकीशी नेला. त्याला दोन जोड होते. एका गाठीवर दोन्ही टोकं कुंचल्यासारखी फुललेली. दुसऱ्या गाठीतून दोन लांब शेपट्या लोंबत होत्या. प्रेमिलाबाईंनी त्याचे फोटो काढून घेतले.

मग काजलला निरोप देतानाचं दृश्य मोठं करून पडद्यावर आणायला लावलं. गळ्यात लाल धागा. एक गाठ लाडवासारखी. एक फुलपाखरासारखी.

“तिसरी कुठे आहे, चंपतराव?”

चंपतरावांनी चष्मा पुसला, पडद्याला नाक लावलं. “दिसत नाही. मानेमागे असन.”

“मानेमागचंही दृश्य आहे.”

तेही पाहिलं. धागा तिथेही सरळ, गुळगुळीत होता.

“मग गाठच नाही?”

“धागा लांब झाला, म्हणजे गाठ आहे. उद्या भावनाला घेऊन उमरेडला जाऊ. आणि हो, मला नवी दोरी नको. हीच बरी आहे.”

*

उमरेडच्या बसस्टँडबाहेर काजलचा सत्काराचा फलक होता. पोस्टरवरचाच फोटो, खाली ‘उमरेडची वाघीण’. भावनाने तो वाचला आणि ओढणी डोक्यावरून पुढे घेतली.

हेडाऊंच्या घरी पुढच्या खोलीत पूर्वी हातमाग होता. आता तिथली जमीन सिमेंटने सारखी केलेली, वर सोफा आणि मोठा टीव्ही. टीव्हीवर, काचेच्या चौकटीत, तो लाल धागा.

काजलच्या आईने भावनाला दारातच अडवलं. “तू काहून आली वं? जेवू घातलं तुले या घरात. माझ्या पोरीसंग एका ताटात जेवली तू.”

“काकू...”

“काकू नको म्हणू मले.”

“मीच आणलं त्यांना,” प्रेमिलाबाई म्हणाल्या. “दोन मिनिटं बोलून जाऊ. उन्हातून आलोय, चहा मिळेल का?”

चहा मागितल्यावर त्या माउलीचा नाइलाज झाला. ती आत गेली. काजल सोफ्याच्या कडेला बसली. भावनाकडे तिने पाहिलं नाही. चंपतरावांना ती टीव्हीवरच्यापेक्षा लहान वाटली, आणि त्यांना उगाच भावनाचा राग आला.

प्रेमिलाबाईंनी चष्मा काढला. दोरी तुटली.

“काजल, जरा जोडून देतेस?”

काजलला बहुधा हाताला काम मिळाल्याचं बरंच वाटलं. तिची बोटं हलली. काय झालं ते चंपतरावांना दिसलंच नाही. एक टोक फास होऊन वळलं, दुसरं त्यातून गेलं, ती गाठ ओठांशी गेली, दातांनी कट्कन एक टोक तुटलं, मग दुसरं. तिने दोरी परत केली. प्रेमिलाबाईंनी ती बोटांच्या चिमटीतून सरकवली. कुठे जोडली ते हाताला जेमतेम लागत होतं. मोहरीचा दाणा असावा तेवढंच.

“किती सुंदर गाठ,” त्या म्हणाल्या. “आणि चौकटीतल्या धाग्यात अशीच एक आहे.”

काजलचे हात मांडीवर थांबले.

“चंपतराव, तुम्ही तिसरी गाठ शोधत होता ना? सुरुवातीपासून सांगते. पाच माणसं, पाच जोड. माणूस खोटं बोलतो, पण गाठ मारताना त्याला आपण बोलतोय हेच कळत नाही. म्हणून मी माझी दोरी प्रत्येकासमोर तोडत होते.”

“तुम्ही तोडत होता?” चंपतराव म्हणाले.

“जितेंद्रच्या धाग्याला दोन जोड आहेत. एक कुंचल्यासारखा, भावनाचा. एक लांब शेपट्यांचा, नागसेनचा. दोघांनीही शब्द पाळला. काजलच्या धाग्यावर एक लाडू आहे, तो जितेंद्रचा. एक फुलपाखरू, ते मिनलचं. चार माणसं संपली.”

भावना उभीच होती. 

“थांबा मॅडम,” चंपतराव म्हणाले. त्यांना ते मान्यच करायचं नव्हतं. “नागसेनची गाठही अशीच बसकी होती. त्यानं शेपट्या तोडल्या असन तर?”

“बरोबर विचारलंत. गाठ तीच आहे. दोर बांधणारे आणि माग चालवणारे दोघंही तीच मारतात. पण नागसेन शेपटी तोडत नाही, कारण त्याच्या गाठीला खाली माणूस लटकतो. आणि त्याची गाठ मी जितेंद्रच्या धाग्यावर पाहिलेली आहे. एका माणसाला एकच मत. मागावर उलटं असतं. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की जोडायचा, आणि तो जोड फणीच्या बारीक फटीतून पार करायचा. टोकं राहिली तर फणीत अडकतात, धागा पुन्हा तुटतो. म्हणून विणकर टोकं मुळापासून तोडतो. हाताशी कात्री नसेल तर दातांनी.”

चंपतरावांची नजर चौकटीच्या शेजारी टांगलेल्या पोस्टरवर गेली. लाल ओठ.

“धाग्याचा रंग कच्चा होता,” प्रेमिलाबाई म्हणाल्या. “मिनलची बोटं दोन दिवस लाल होती. काजलचा ओठ लाल होता. महाराष्ट्र ज्या रक्तासाठी रडला, ते रक्त नव्हतं.”

 बायकोने बाजूला सारलेलं ताट चंपतरावांना आठवलं.

“काजल, तुला लपवायचं होतं, तर कशीही वेडीवाकडी गाठ चालली असती. पण समोर बारीक नळी दिसली. लहानपणापासून या हातांना माहीत आहे, बारीक फटीतून धागा न्यायचा तर गाठ कशी मारायची. तू तुझ्याच धाग्याला तुकडा जोडलास. जितेंद्र आणि मिनलची दोन मतं तुझ्याविरुद्ध पडणार हे तुला माहीत होतं. एकच कमी पडत होतं, आणि ते तुझ्या हातात होतं. स्वतःला मत देऊ नये असा नियमच नाही. कुणाला सुचलंच नव्हतं.”

“पण काहून?” चंपतराव म्हणाले.

उत्तर भावनाने दिलं. आवाज अगदी खाली गेला होता. “तळं.”

काजलने पहिल्यांदा वर पाहिलं.

“तुले पाण्याचं भेव लागते. मले माहीत होतं. सोडून आली असती तर पळपुटी म्हटलं असतं. म्हणून.”

“मले वाटलं आळ नागसेनवर जाईन,” काजल पुटपुटली. “तो सहन करते, त्याले फरक नाही पडत. नाही तर लोक म्हणतील जितेंद्रनं काही डाव केला. तुझ्यावर येईन असं नव्हतं वाटलं, भावे. आईची शपथ. मग ते झाडामागचं दाखवलं. मी दोनदा व्हिडिओ केला, सांगायले. टाकला नाही. आईले सत्काराले बोलावून राहिले होते. मग जसेजसे दिवस गेले...”

“मुलाखतीत विचारलं तेव्हा?” प्रेमिलाबाई म्हणाल्या.

“मी काही बोलली नाही.”

“नाही. एक शब्दही खोटा बोलली नाहीस. नुसती मान हलवलीस. धागे मोजले तेव्हा जितेंद्रकडे दोन निघाले. ती दोन कुणाची, हे त्या क्षणी तिथे फक्त तुला माहीत होतं. भावनाने मला एवढ्यासाठी लावलं होतं की तुला ते कळावं. तिने तुला दगा दिला नाही, हे जगात एकट्या तुलाच ठाऊक होतं. पहिल्या मिनिटापासून.”

 आत कपबशा वाजल्या.

भावना काजलच्या समोर येऊन जमिनीवर बसली, हॉस्टेलच्या खोलीत बसत असेल तशी. “मले सांगितलं असतं तर?” ती म्हणाली. “रात्री उठवून म्हटलं असतं, भावे, मले भेव लागते, मले काढ. मी माझ्या हातानं तुझ्या धाग्याले जोडला असता. आता लोक जे बोलतात ते खरं असतं मग. आन मले त्याचं काहीच वाटलं नसतं वं.”

काजल रडू लागली. टीव्हीवर रडली होती तशी नाही. वेडंवाकडं, नाक ओढत.

तिची आई ट्रे घेऊन आली आणि दारातच थांबली. आपली मुलगी रडतेय, आणि ती दुसरी खाली बसलेली, डोळे भरलेले. तिला जे दिसायचं ते दिसलं. चेहरा जरा मऊ झाला.

“काय वं काजल,” तिने विचारलं, “मागितली का माफी तिनं?”

चंपतराव काजलकडे पाहू लागले. आता बोलेल. एवढं झाल्यावर आता तरी बोलेलच.

काजलने आईकडे पाहिलं. मग चौकटीकडे. मग भावनाकडे, फार वेळ नाही.

“मागितली,” ती म्हणाली.

“बरं झालं बाप्पा. मन मोठं ठेवावं माणसानं. घे, चहा घे वं भावना.”

चंपतराव उठायला लागले, तोंड उघडलं, पण प्रेमिलाबाईंचा हात त्यांच्या मनगटावर पडला. भावनाने कप घेतला. एक घोट घेतला, उभी राहिली, कप टीव्हीच्या शेजारी ठेवला आणि दारात जाऊन चपला घातल्या.

*

तिघं बसस्टँडवर आली. नागपूरची बस लागलेली होती, पण भावना चढेना. तो फलक तिथून पूर्ण दिसत होता.

“मॅडम,” ती म्हणाली, “तुम्ही लिहून देता ना? कोणाची कोणती गाठ, फोटो लावून, सगळं?”

“देते. कुणाला द्यायचा तो अहवाल, ते तुम्ही ठरवा. काल तुम्ही म्हणाला होता, काजलला कळलं की पुरे.”

“काल मले वाटत होतं तिले माहीत नाही.” भावनाने ओढणी डोक्यावरून मागे टाकली. “पहिला मोनाली मॅडमले पाठवा. मग पेपरवाल्यांले. काकूलेही एक पाठवा, नागपुरी मराठीत लिहा, वाचता आलं पाहिजे.”

“पाठवते.”

“एक गोष्ट नका लिहू तेवढी.” ती पायरीवर पाय ठेवून थांबली. “तळ्याचं नका लिहू. तिले पाण्याचं भेव लागते ते.”

चंपतराव न राहवून म्हणाले, “मग लोक विचारतील ना पोरी, तिनं काहून केलं म्हणून?”

“विचारू द्या, काका,” भावना म्हणाली आणि आत जाऊन खिडकीशी बसली.